रेडिओचा सूड

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं आणि ते पाटीवरच राहिलं. गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणत. माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, की याचं जे सुरू व्हायचं ते मानेवरचे केस झटकेपर्यंत. मध्ये बातम्या, मध्ये गाणं, मध्ये शेजारच्याच्या घरातलं हवामान. याचं बंद करायचं बटण कुठे आहे देव जाणे, असं म्हणत लोक त्याच्याचकडे येत. केस काय, कुठेही कापून मिळतात.

त्याच्या बायकोला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. दोघींनी ओल्या चादरीची टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात ती सरळ सोडायची. जरा वाकडी गेली की सुरकुती भाजून पक्की होते आणि मुकादम चादर परत धुवायला टाकतो. यंत्रांच्या त्या धडधडीत बोललेलं काही ऐकू यायचं नाही. "बरंय की," वहिनी म्हणायची, "कानांना तेवढीच सुट्टी. घरी गेलं की आहेच आमचं केंद्र."

मूलबाळ झालं नाही. पण घर रिकामं नव्हतं. आईवडील लवकर गेल्यामुळे वहिनीचा धाकटा भाऊ तिच्याच हाताखाली वाढला. "पोटचा नाही, पाठचा आहे," असं ती सांगायची, पण दोन्हींत फरक काय ते तिलाही सांगता आलं नसतं. रेडिओने त्याला आपला धंदा शिकवला. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि त्यावरून वस्तरा फिरवायचा, फुगा फुटता कामा नये. धाकट्याने पुष्कळ फुगे फोडले आणि मग एक दिवस फोडायचा थांबला. रेडिओने त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं.

धाकटा हाताने चांगला निघाला. तोंडाने मात्र मुका म्हणावा इतका गप्प. काम झालं की आरसा मानेमागे धरायचा आणि "ठीक?" एवढंच विचारायचा.

मग वहिनीच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं. रेडिओ दुकान धाकट्यावर सोपवून तिच्याबरोबर गेला, आणि महिनाभर तिच्या उशाशी बसून सगळ्या वॉर्डाची फुकट करमणूक करत राहिला. इकडे जागेचा करार संपत आला होता. मालकाने विचारलं, नवा करार कोणाच्या नावाने करायचा. धाकट्याने आपलं नाव सांगितलं.

दोघं परत आले तेव्हा पाटी बदललेली होती. काचेचं दार, भिंतभर आरसे, आणि रेडिओची लोखंडी खुर्ची बाहेर फुटपाथवर, तिच्यावर कोणाची तरी पिशवी ठेवलेली.

"भावोजी," धाकटा म्हणाला, आणि हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण असावं, "तुमच्या गप्पांत एकेक गिऱ्हाईक तास तास खातं. मागचे लोक कंटाळून जातात. लोकांना आता वेळ नसतो. तुम्ही बाहेरचे थोडेच? या ना कामाला. पगार देतो."

त्या दिवशी रेडिओ पहिल्यांदा बंद पडलेला लोकांनी पाहिला. वहिनीचे टाके अजून ओले होते, ती भिंतीला धरून उभी होती. रेडिओने खुर्चीवरची पिशवी उचलून नीट बाजूला ठेवली आणि खुर्ची ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. तिथे जिन्याखाली एक खोबण भाड्याने मिळाली. खुर्ची आत गेली की न्हाव्याने आडवंच उभं राहायचं, एवढीशी जागा.

तेव्हापासून रेडिओवर एकच कार्यक्रम लागला. सूड.

"काय रेडिओ, आज काय ठरलं?" गिऱ्हाईक बसतानाच विचारायचं.

"आज ठरलं की रोज सकाळी एक टक्कल पडलेला माणूस त्याच्या दुकानात पाठवायचा. बसायचं आणि म्हणायचं, मागून जरा बारीक करा. रोज नवा टकल्या. वर्षाचे पुरतील एवढे आहेत माझ्याकडे."

कधी मुंग्या सोडायच्या ठरत, कधी दारावर 'आत साथ आहे' असं लिहायचं ठरत असे. लोक हसून खुर्चीतून पडायचे. कोणी म्हणालं, "अरे, एकदाचं उट्टं काढून टाक ना," की रेडिओचा हात थांबायचा.

"उट्टं पत्त्यांत काढतात. काल तू जिंकलास, आज मी, उद्या चहा दोघांचा. वचपा म्हणजे त्याच्या एक पायरी वर. त्यात गेलेलं भरून निघतं आणि माणसं शाबूत राहतात. अद्दल घडवतो तो स्वतःला मास्तर समजतो, ते काही आपल्याला जमायचं नाही. डूख धरतो साप. बदला घेतात सिनेमात, त्याला मागे बाजा लागतो. पण सूड कसा असतो माहितीये? सूड उगवावा लागतो. घेतलेली वस्तू संपते, उगवलेली वाढते. तिला रोज पाणी घालायचं."

"मग आधी ते टाकीत भरा," बाहेर बादली घेऊन उभी असलेली वहिनी म्हणायची. "सकाळपासून नळाला थेंब नाहीये."

ती वैतागायची ते मनापासून. त्याने काही करावं अशी तिला भीती नव्हतीच. मुंगी मारायची तर हा माणूस आधी तिला दोन गोष्टी ऐकवेल, हे तिला ठाऊक होतं. पण येता-जाता तिच्या भावाचं नाव लोकांच्या तोंडी लागायचं. "सूड घ्यायचा तर घेऊन मोकळे व्हा, नाहीतर सोडून द्या," ती सांगायची. "जेवताना तरी नको तो शब्द." तो हसून मान हलवायचा, आणि घासभर थांबून पुन्हा, "मी म्हणतो, सूड जर..."

धाकट्याकडे तिचं जाणं-येणं तुटलं. त्याचं लग्न झालं, तेव्हा बोलावणं आलं नाही. तिनेही मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे तसं ती म्हणायची.

अशी वर्षं गेली. एका सकाळी खुर्चीत एक म्हातारे पोस्टमन होते. अर्धी दाढी झाली होती. ते डोळे मिटून मजेत ऐकत होते. रेडिओ सांगत होता, "आणि मग मी त्याच्यासमोर असा उभा राहणार, आणि म्हणणार..."

पोस्टमनने वाट पाहिली. गोष्टीत थांबायची रेडिओची सवय त्यांना माहीत होती. थांबणं फारच लांबलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. रेडिओ आरशात पाहत होता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. वस्तरा आधी पडला, मग तो.

त्याला तिच्याच हॉस्पिटलात आणलं. वहिनीला धुलाईखान्यातून बोलावून वर वॉर्डात नेलं, तेव्हा तो तिनेच इस्त्री केलेल्या चादरीवर पडलेला होता. उजवा हात-पाय लुळा. डोळे उघडे, सगळं ओळखणारे. तोंडातून आवाज नाही. ती त्याचा हात धरून बसून राही आणि, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पहिल्यांदाच तिला बोलायला काहीतरी शोधावं लागे.

आवाज फुटला तो काही दिवसांनी. तिने चमच्याने पाणी पाजलं, ते ओठांवरून ओघळलं, तिने पदराने पुसलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, खूप जोर लावला, कपाळावरची शीर फुगली, आणि तो स्पष्ट म्हणाला,

"सूड."

बोलला म्हणून ती आनंदाने ओरडलीच. नर्स धावत आली. "बोला, अजून बोला," वहिनी म्हणाली. "माझं नाव घ्या. पाणी म्हणा. काहीही म्हणा."

"सूड," रेडिओ म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत भीती उतरली. त्याला सांगायचं होतं ते काहीतरी वेगळंच होतं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. "सूड. सूड, सूड!" मग त्याने डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येत. त्यांनी वहिनीला बाजूला नेऊन समजावलं. मेंदूतली शब्दांची जागा गेली आहे. पण कधी कधी एखादा शब्द वाचतो. फार वेळा बोललेला, जीव तोडून बोललेला. शिवी असते, देवाचं नाव असतं, गाण्याची ओळ असते. पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांना बघा, त्यांना फक्त एक ते दहा आकडे राहिलेत. "तोंडात येतो तो शब्द, पण मनात वेगळंच असतं. यांच्या मनात काय आहे, ते आवाजावरून ओळखायचं."

वहिनीने त्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांची बायको डब्याचं झाकण उघडत होती आणि ते तिला प्रेमाने "चार, पाच" म्हणत होते. वहिनीला त्या बाईचा हेवा वाटला. आकड्यांनी कोणाचं काय वाईट होतंय? आणि इथे माणसाने आयुष्यभर लाखो शब्द उधळले, त्यातून वेचून वेचून हाच राहावा!

एका दुपारी धाकटा आला. हातात फळांची पिशवी, नजर फरशीवर. कानांपाशी केस पिकलेले. रेडिओने त्याला पाहिलं आणि उठायची धडपड सुरू केली. "सूड!" वॉर्डातले सगळे वळून बघू लागले. "सूड, सूड, सूड..." डाव्या हाताने त्याने धाकट्याचं मनगट पकडलं, त्याला खाली ओढलं. मग हात सोडून त्याच्या गालावरून फिरवला, हनुवटीवरून, तिथून खाली गळ्यावर. दाढी गुळगुळीत झाली का, हे न्हावी बोटांनी बघतो, तसा. तोंडाने तेच चाललेलं, आणि डोळ्यांतून पाणी.

बोटं गळ्याशी आली तसा धाकटा झटक्याने मागे सरला. पिशवी पडली, फळं खाटांखाली घरंगळली.

"अरे, तसं नाहीये ते," वहिनी म्हणाली. "त्यांना दुसरा शब्दच येत नाही. पाणी मागायलाही हेच म्हणतात."

"ताई, वस्तरे लपवून ठेव," धाकटा म्हणाला, आणि गेला.

घरी आणल्यावर खरे हाल सुरू झाले. पाय ओढत का होईना, रेडिओ चालायला लागला. पण चालणारा माणूस न बोलता बसणार कसा? आणि त्यातून हा! खिडकीत उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारी, "सूड!" पोरं खालून तोंड वेंगाडून उत्तर देत, "सूड!" आणि पळत. वरच्या मजल्यावरची बाई येऊन म्हणाली, "आमच्या सुनेला दिवस गेलेत. सकाळ-संध्याकाळ असं अभद्र कानावर पडतं, काहीतरी करा." वहिनी प्रत्येकाला समजावत राहिली. हा आवाज चहाचा. हा झोप येतेय म्हणून. हा लांबवलेला म्हणजे तुम्हाला 'कसे आहात' विचारतायत. लोक मान डोलवत आणि एक पाऊल मागे सरकत.

जुनी दोन गिऱ्हाइकं दयेपोटी त्याच्या खुर्चीत येऊन बसली. डाव्या हातात वस्तरा धरलेला न्हावी कानाशी वाकून "सूड" म्हणतो, तेव्हा दया फार टिकत नाही. दुसरं गिऱ्हाईक गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पळालं. ही गोष्ट गल्लीत महिनाभर हशा पिकवत राहिली. खोबण सोडून द्यावी लागली. घरात आता वहिनीचाच काय तो पगार.

बोलण्याच्या बाईंकडे ती त्याला नेत राहिली. त्या टाळ्या वाजवून सुरात म्हणायला लावत, "पा-णी, पा-णी." रेडिओही सुरात म्हणे. सूर अगदी बरोबर लागे. शब्द तोच.

एक दिवस मुकादमाने तिला रोलरवरून बोलावलं. पोलीस चौकीतून निरोप होता. रेडिओ जुन्या वाटेने, पाय ओढत, धाकट्याच्या दुकानापाशी गेला होता. काचेच्या दारावर तळहात आपटत "सूड, सूड" करत होता. आतली गिऱ्हाइकं घाबरली, एक पोरगं रडायला लागलं. धाकट्याने आतून कडी लावून पोलिसांना फोन केला.

चौकीत रेडिओ बाकावर बसला होता, केस विस्कटलेले, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. समोर साहेब.

"नाव काय?"

"सूड," रेडिओ अदबीने म्हणाला.

"राहता कुठे?"

"सूड."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वहिनीने सगळं सांगितलं, हॉस्पिटल, बाई, पलीकडचे आकडेवाले गृहस्थ. साहेब माणूस वाईट नव्हता. "मला कळतंय, बाई. पण लोकांना कळायला हवं ना? हा शब्द पाणी मागायचा नव्हे. उद्या कोणी घाबरून यांच्याच डोक्यात काही घातलं तर? आत ठेवा यांना."

धाकटा दाराशी उभा होता. वहिनी त्याच्यापाशी जाऊन थांबली.

"त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे सगळे आहेत. आणि तू काय बोललास, तर पोलिसांना बोलवा?"

त्याने दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली.

त्यानंतर कामावर जाताना ती बाहेरून कुलूप घालायला लागली. कुलूप लावताना आतून त्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा विचारल्यासारखा, मग विनवल्यासारखा, आणि जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत नुसता रडका. रोलरपाशी उभं राहिलं तरी तिच्या कानांना आता सुट्टी मिळेना. यंत्रं तेच म्हणतायत असं वाटे.

एका संध्याकाळी ती परतली तर तो दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसलेला. दाराच्या फटीत नखं घालून घालून बोटं सोललेली. कपडे ओले. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने गरम पाणी आणलं, त्याला धुतलं, पुसलं, बोटांना औषध लावलं. त्याने एक अक्षर काढलं नाही, तो शब्दसुद्धा नाही. आणि तिथे, त्याच्या पायापाशी बसलेली असताना, इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून ती त्याच्यावर वैतागली होती ती तिच्या पोटातून वर आली. तोंडात एकच शब्द. तिला दुसरा सुचलाच नाही.

सकाळी ती धुलाईखान्याच्या वाटेने निघाली आणि धाकट्याच्या दुकानात शिरली. दुकान नुकतंच उघडलेलं, गिऱ्हाईक नव्हतं. तो ब्रश धूत होता. दार उघडं राहावं म्हणून टेकवलेलं लोखंडी वजन तिने दोन्ही हातांनी उचललं आणि समोरच्या आरशावर घातलं.

मोठा आवाज झाला. आरसा एकदम कोसळला नाही. आधी तडे गेले, त्यात तिचं तोंड तुकड्यातुकड्यांनी दिसलं, मग सगळं खाली आलं. धाकटा ब्रश हातात धरून उभाच.

ती वाट पाहत राहिली. छाती मोकळी होईल, काहीतरी सुटेल. इतकी वर्षं नवरा ज्याचं स्वप्न रंगवत होता ते आता झालं होतं आणि आत काहीच हललं नव्हतं. घरात तो तसाच कुलपाआड बसलेला होता. मग ती वाकली आणि काचा गोळा करायला लागली. घरात काही फुटलं की तीच आवरायची, हाताला तीच सवय.

"ताई, राहू दे, कापेल," धाकटा म्हणाला.

कापलंच होतं. तळहातातून रक्त चाललं होतं. त्याने तिला खुर्चीत बसवलं, तुरटी लावली, स्वच्छ नॅपकिन घट्ट बांधला. मग तिच्या पायाशी उकिडवा बसून त्याने विचारलं, "ते त्या दिवशी मला मारायला आले होते का?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली.

"तुला तर कळतं. तू सगळ्यांना सांगतेस."

"खोटं सांगते!" तिचा आवाज फुटला. "पाण्याचा आवाज, चहाचा आवाज... काही कळत नाही मला. अंदाजाने पेला पुढे करते. कधी पितात, कधी भिरकावतात. तुला शिव्या द्यायला आले असतील. नुसतं दुकान बघायला आले असतील. नाहीतर तू दमलेला दिसतोस एवढंच सांगायला. त्यांचं त्यांनाही माहीत असेल की नाही कोण जाणे. आता ते कोणालाच कधी कळणार नाही, समजलं तुला? कधीच नाही."

काचेचं दार कोणीतरी ढकललं, आतली दशा पाहिली आणि परत गेलं.

"मी आरसा भरून देईन," ती उठत म्हणाली.

"राहू दे ताई." यापुढे तो काहीतरी बोलणार होता. पण बोलायची सवयच नव्हती त्याला, आणि ती कामाला उशीर झाला म्हणून निघाली.

तिने कुलूप लावणं मात्र बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून ती रेडिओला बरोबर घेऊन जाऊ लागली. मुकादमाच्या हातापाया पडली. त्याने नाही-हो करत कोपऱ्यात एक स्टूल दिलं. तिथे बसून रेडिओ डाव्या हाताने उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घाली, वाकड्यातिकड्या, ज्या दुसऱ्या कोणाला तरी परत घालाव्या लागत. यंत्रांच्या आवाजात तो काय म्हणतो ते कोणाला ऐकू यायचं नाही. ओठ हलताना दिसत, एवढंच. तिथे तो दिवसभर बोलायचा, हातवारे करून, रंगात येऊन, आणि बायका लांबून माना डोलवायच्या. त्या धडधडीत त्याचे जे काही बरे दिवस गेले असतील ते गेले. पण रोज संध्याकाळी घर यायचं, आणि घरात शांतता असायची, आणि त्या शांततेत तो शब्द.

दुसरा झटका आला तो थंडीत. या वेळी डावी बाजूही गेली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. आणि तो शब्दही गेला.

पहिले दोन दिवस वहिनीच्या ते लक्षातही आलं नाही. मग तिने पाणी पुढे केलं आणि पेला तसाच धरून राहिली. घर इतकं गप्प तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, पाणी हवंय का? बोला ना." काही नाही. "काय हवंय? दुखतंय का कुठे?" काही नाही. डोळे छताकडे. मग ती त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून, हलवून हलवून म्हणाली, "तेच म्हणा हो! निदान तेवढं तरी म्हणा."

दाढी वाढत चालली होती. रोज सकाळी स्वतःची दाढी केल्याशिवाय दुसऱ्याच्या गालाला हात न लावणारा माणूस तो. तिच्या हाताला ते काम जमेना, भीती वाटे. शेवटी तिने धाकट्याला निरोप पाठवला.

तो आला. पेटी उघडली, गरम पाणी मागितलं. गळ्याभोवती टॉवेल लावला, ब्रशने फेस केला, हळूहळू गालांवर पसरला. त्याचा हात वर्षानुवर्षांचा सरावलेला, तरी कल्ल्यापाशी एक बारीकसा काप गेला. रक्ताचा थेंब फेसावर आला, तसा त्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"भावोजी," तो म्हणाला, "लागलं का?"

रेडिओचे डोळे त्याच्यावर होते. राग होता की ओळख होती, की नुसतेच डोळे उघडे होते, वहिनीला सांगता आलं नसतं.

"भावोजी, काहीतरी बोला. तेच बोला. मी इथेच बसलोय, कुठे जात नाही. म्हणा ना." तो थांबला, कान त्याच्या तोंडाजवळ नेला. गालाला फेस लागला तरी तसाच राहिला. "सू... म्हणा. सू..."

ओठांतून नुसता श्वास येत होता.

धाकट्याने बऱ्याच वेळाने सरळ बसून उरलेली दाढी पूर्ण केली. तुरटी फिरवली. सवयीने पेटीतून आरसा काढला, रेडिओच्या चेहऱ्यापुढे धरला, आणि "ठीक?" न विचारताच परत पेटीत ठेवला.

त्या आठवड्यातच रेडिओ गेला. धाकट्याने खांदा दिला. लोकांनी म्हटलं, चला, शेवटी मिटलं. काही मिटलं नव्हतं. मिटायला दोघांना काही बोलावं लागतं. धाकटा अधूनमधून येतो, दाराशीच उभा राहतो, "काही हवंय का ताई?" विचारतो. वहिनी "नाही" म्हणते. एकदा त्याने विचारलं, "आत येऊ?" ती बाजूला झाली. दोघं समोरासमोर बसले, तिने चहा ठेवला. चहा होईपर्यंत, पिऊन होईपर्यंत, कप विसळून पालथे घालेपर्यंत, घरात कोणीच काही बोललं नाही.